सात महिने विंचरलेली गाठ

ओल्या बाळंतिणीच्या छातीत दूध गोठलं, की डोंगरावरच्या पोरी फोर्तुनाताकडे यायच्या. ती चुलीवर फणी शेकायची आणि हलक्या हातानं वरून खाली छाती विंचरायची. दोन दिवसांत गाठ जायची. सगळ्यांची गेली, पोटच्या पोरीची तेवढी गेली नाही.

योवाना सत्तावीस वर्षांची. फोर्तुनातानं तिला सात महिने विंचरलं. दुखतंय म्हणाली की दटावायची, "नवऱ्याशी भांडत जाऊ नकोस. रागानं दूध नासतं." बाळ त्या बाजूला तोंडसुद्धा लावेना, तरी बाईनं हेका सोडला नाही.

राजधानीत, लिमाच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कर्करोग हाडांत उतरलाय. "आधी आणलं असतंत तर," एवढं बोलून त्या थांबल्या. उरलेलं वाक्य फोर्तुनाता चौदा तास बसमध्ये मनातल्या मनात म्हणत आली.

घरी पोचल्यावर तिनं फणी चुलीत घातली.

"मी मारलं गं तुला."

"सगळं श्रेय एकटीनं घेऊ नकोस," खाटेवरून योवाना म्हणाली. "तुला चोरून मी आरोग्य केंद्रातही गेले होते. तिथला डॉक्टर हसला. म्हणाला, या वयात कसला कर्करोग? आईकडून विंचरून घे."

फोर्तुनाताला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे कुठूनच वाट नव्हती.

आठवड्यानं शेजारची सबिना आली. बावीस वर्षांची, पाठीशी शालीत बांधलेलं तान्हं. फोर्तुनातानं चाचपून पाहिलं. गाठ टणक होती, जागची हलत नव्हती. बोटांना ती ओळखीची होती.

"लिमाला जा. आजच जा."

"काहीतरीच काय मावशी! बटाटे काढायचे आहेत. आणि केंद्रात म्हणाले, दूधच आहे."

"आई, तिला आत पाठव," योवानानं हाक मारली. सबिना आत गेली. योवानानं अंगावरचा सदरा वर केला आणि पट्टी सोडली. "नीट बघ. माझंही दूधच होतं."

सबिना तोंडावर हात दाबून जी पळाली, ती मागं वळलीच नाही. योवाना धापा टाकत म्हणाली, "आता जाईल बघ ती लिमाला." कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर फोर्तुनाताला कळलं, की सबिना खालच्या वाडीतल्या म्हातारीकडून विंचरून घेतेय. ती म्हातारी म्हणे असलं भलतंसलतं दाखवून घाबरवत नाही.

घरी आल्यावर योवानानं विचारलं, "गेली का गं ती?"

"गेली," फोर्तुनाता म्हणाली. "पहाटेच्या बसनं."