दाराजवळची चटई

मित्सुएच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि ते आलं तेव्हा तिची आई जिवंत होती. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे कुठेतरी मी ते टाळीन.

पत्र छोटंसंच होतं. 'तेत्सु, आईनं अंथरूण धरलंय. आजोबांच्या मर्तिकाच्या दिवशी आम्ही तुझ्या वडिलांना फसवलं, हे तिच्या मनातून जात नाही. पाद्रीबाबा म्हणतात, सोडून द्या. पण तिला ते त्यांच्या तोंडून नको, मठाकडून हवंय. तुझे वडील आता नाहीत, म्हणून तुला लिहिते. रविवारी मी तिला पाठीवर घेऊन चर्चमध्ये नेते, तिथं येऊन तिला भेट. नाही जमलं तर एक ओळ लिही.'

मित्सुए माझ्या वर्गातली. वडील ज्याचे भिक्षू होते तो आमचा बौद्ध मठ खाडीच्या अलीकडे, तिचं घर पलीकडे. आमच्या ताचिउरात जुनी ख्रिस्ती घरं पुष्कळ. जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात ती सगळी कागदोपत्री मठाची होती. माणूस गेला की भिक्षूला बोलावून सूत्रपठण करून घ्यायचं, आणि त्याच वेळी घरच्यांनी मागच्या खोलीत बसून, दबक्या आवाजात, ते पठण पुसून टाकणारी आपली प्रार्थना म्हणायची. पुढे बंदी उठली, टेकडीवर चर्च उभं राहिलं, तरी काही घरांनी हा रिवाज सोडला नाही. मित्सुएचं घर त्यातलं शेवटचं. आजोबांच्या मागे ते सगळे चर्चमध्ये जाऊ लागले.

आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो, म्हणून वडिलांबरोबर घंटा घेऊन गेलो. वडील पुढच्या खोलीत पठण करत होते. कागदी दारापलीकडून मला बायकी आवाजातली पुटपुट ऐकू येत होती. पठण संपल्यावर थोड्या वेळानं मित्सुएची आई, किसाकाकू, आतून आल्या. त्यांनी चहा आणि रताळ्याच्या वड्या पुढे ठेवल्या. वडिलांच्या तोंडाकडे काही बघितलं नाही.

परत येताना बंधाऱ्यावर मी मोठा शोध लावल्यासारखा म्हणालो, "बाबा, आत कोणीतरी काहीतरी म्हणत होतं."

"मग? मी काय बहिरा आहे?"

"अहो, तुमचं पठण पुसत होते ते!"

"माझ्या बापाचंही पुसलं त्यांनी. म्हणून तर मी तिथं सावकाश म्हणतो. मी घाई केली, तर त्यांचं अर्धंच पुसून होईल आणि म्हातारा मधेच लटकेल. ना आपल्याकडे, ना त्यांच्याकडे." मग थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "वड्या छान होत्या. तू एकही खाल्ली नाहीस, पुस्तकातल्या किड्या."

मित्सुएला एवढंच कळवायचं होतं. बाबांना माहीत होतं, त्यांना राग नव्हता.

पण मठ धाकट्या भावावर सोपवून नगरवाचनालयात जन्म काढलेला मी माणूस. खात्री केल्याशिवाय मला कागदावर शब्द ठेवता येत नाही. वडील नक्की 'लटकेल' म्हणाले होते की 'अडकेल'? थट्टेत म्हणाले की मनापासून? आणि मठाच्या वतीनं बोलणारा मी कोण? मी तर साधी दीक्षाही घेतली नव्हती. मी त्या प्रार्थनेवरची पुस्तकं काढून वाचली. उत्तराचे मसुदे केले. एकाला तर तळटीपा होत्या. त्यात हिवाळा सरला. एका सकाळी मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत असताना टेकडीवरची घंटा एकेक टोला थांबून थांबून वाजू लागली, आणि काउंटरपाशी उभं असलेलं कोणीतरी म्हणालं, "पलीकडच्या किसाबाई गेल्या वाटतं."

त्यानंतर कोणत्या तोंडानं लिहिणार? मित्सुए पुढे मुलाकडे ओसाकाला निघून गेली.

गेल्या महिन्यात नगरपत्रिकेत वाचलं, की चर्चमधल्या जुन्या गवती चटया काढून तिथं बाकं बसवणार आहेत. आमच्या अंगणातून ज्याचं कौलारू छप्पर दिसतं, त्या चर्चमध्ये मी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. हल्ली तिथं बसगाड्या भरून लोक येतात. त्या गर्दीत कोण ओळखतंय, असं म्हणून मी एका रांगेच्या शेपटाला उभा राहिलो.

दाराशी चर्चची देखभाल करणारी हात्सुने होती. तिचं बंदरावर माशांचं दुकान होतं.

"अहो मठातले! रांगेत लपून काय येताय? इथून तुमचं घर दिसतं की!"

पुढच्या चार बायका वळून बघू लागल्या.

"चटया काढणार असं वाचलं," मी म्हणालो.

"वाचलंच असणार. तुम्ही काही कोणाचं ऐकून येणाऱ्यातले नाही. बूट काढा."

बूट काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर. मी घाईघाईनं आत शिरून उजवीकडे झालो.

"ती बायकांची बाजू," हात्सुने मागून म्हणाली. "असू द्या आता. या वयात कोण तुमची तक्रार करणार?"

खिडक्यांच्या काचांत कॅमेलियाची लाल फुलं होती, त्यांचा रंग चटयांवर पडला होता. माझ्या पायाखालची, दाराला लागून असलेली चटई मात्र मधेच खोलगट झाली होती. गवताचे धागे सुटून वर आले होते.

"किसाकाकूंचे गुडघे," हात्सुने म्हणाली.

"इथं? दाराशी?"

"कायम दाराशी. थंडीत इथं वारा नुसता कापतो. पाद्रीबाबा म्हणायचे पुढे या, आम्ही हाताला धरून ओढायचो. 'माझी जागा इथंच,' एवढंच म्हणायच्या. आम्ही चेष्टा करायचो, प्रवचन चुकवून पहिली पळायला बरं म्हणून बसते हो ही!"

"शेवटपर्यंत इथंच?"

"शेवटच्या हिवाळ्यात मित्सुएनं पाठीवर घेऊन आणलं. मी म्हटलं, आज तरी पुढे ने आईला. तर म्हातारीनं दाराची चौकट अशी धरली, की बोटं सोडवता येईनात. इतका कसला हट्ट, मला आजवर कळलं नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

तो हिवाळा माझ्या मसुद्यांचा होता.

मला ठाऊक होतं. पण ते मित्सुएच्या आधी हात्सुनेला सांगणं बरोबर वाटलं नाही. मी त्या चटईशेजारी गुडघे टेकून बसलो. तिथून वेदी फार लांब दिसते. प्रार्थना कुठली म्हणावी ते सुचेना, म्हणून नुसता बसून राहिलो. बसवाली मंडळी माझ्या अंगठ्याकडे बघत निघून गेली.

उठताना मी मित्सुएचा ओसाकाचा पत्ता मागितला.

"आत्ता आठवण झाली होय वर्गमैत्रिणीची?" हात्सुने हसली. मग माझ्याकडे बघून तिनं हसू आवरलं आणि पत्ता लिहून दिला.

घरी गेलो असतो तर पुन्हा मसुदे झाले असते. म्हणून थेट बंदरावरच्या टपाल कचेरीत गेलो आणि एक कार्ड घेतलं. कार्डावर तळटीपांना जागा नसते.

'मित्सुए, बाबांना सगळं माहीत होतं. मागच्या खोलीतल्यांचं पुरतं म्हणून व्हावं यासाठी तुमच्या घरी ते मुद्दाम सावकाश म्हणत. त्यांना राग नव्हता. वड्या आवडल्या होत्या. किसाकाकूंना हे वेळेवर कळवायला हवं होतं, मी कळवलं नाही. आज त्यांची दाराजवळची जागा पाहिली. त्यांनी पुढे बसायला हरकत नव्हती. तेत्सुनोरी.'

पुन्हा वाचलं. 'मुद्दाम' या शब्दाशी थांबलो. बाबांनी तो शब्द वापरला होता का?

"आजोबा," काउंटरवरची बाई टपालाच्या पिशवीचं तोंड आवळत म्हणाली, "टपालाची बोट सुटतेय. द्यायचंय की अजून लिहायचंय?"

मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते न वाचता पिशवीत टाकलं आणि दोरी ओढली.