किडे पळवणारी पेटी

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर एक रुंद पत्र्याचं ताट होतं आणि त्यात किडलेले तांदूळ पसरले होते. शेजारी एक तपकिरी पेटी. पेटीवरचा हिरवा दिवा लागला, आणि दहा मिनिटांत तांदळातून टोके, म्हणजे काळे सोंडवाले किडे, बाहेर पडू लागले. ताटाच्या कडेवर चढून ते टपटप खाली पडत होते. मागच्या लोकांनी बघायला खुर्च्यांवर पाय दिले.

"मंत्र नाही, औषध नाही. निव्वळ लहरी," पेटीवाला म्हणाला. तो स्वतःला संशोधक म्हणवून घ्यायचा. "आपल्याला ऐकू न येणाऱ्या लहरी किड्याच्या मेंदूत शिरतात, आणि त्याला जागेचा वीट येतो."

पहिल्या रांगेतल्या सरांनी मान डोलावली. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. तीस वर्षं त्यांनी बुवाबाजीविरुद्ध व्याख्यानं दिली होती. नुसती कफनी दिसली तरी ते कान टवकारत. पण या माणसाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला दोन पेनं होती आणि तो 'वारंवारता' हा शब्द अगदी स्वच्छ उच्चारत होता. सर तिथेच विरघळले.

शिवाय घरी गरज होती. त्यांची बायको घरून बिस्किटं करून विकायची. एका जुन्या गिऱ्हाइकानं नुकताच डबा परत पाठवला होता, तळाशी अळी निघाली म्हणून. तेव्हापासून ती फारशी बोलत नव्हती. सरांना ते पाहवेना. त्यांनी पेटी घेतली आणि थेट कपाटात मैद्याशेजारी ठेवली.

चार दिवसांनी मैद्यात आणखी अळ्या. सरांनी संशोधकाला फोन लावला.

"दिसताहेत म्हणजे पळताहेत," तो म्हणाला. "दिसेनाशा झाल्या की पळाल्या."

सरांनी हे बायकोला समजावून सांगितलं.

"आणि पेटी आणायच्या आधी दिसत होत्या, त्या?" तिनं विचारलं.

"त्यांना कदाचित चाहूल लागली असेल," सर म्हणाले. स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानाला जरा चमत्कारिक लागलं. पण एव्हाना त्यांच्या शब्दावर चौदा घरांनी पेट्या घेतल्या होत्या. एवढ्या लोकांचं चुकेल कसं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. हाच युक्तिवाद ते व्याख्यानात पहिल्या पाच मिनिटांत झोडपून काढत.

दुसऱ्या प्रयोगाला तर संशोधकानं सरांनाच बोलायला उभं केलं. सर लहरींवर रंगात येऊन बोलत असताना बायको सगळ्यांसाठी बिस्किटं घेऊन आली. टेबलावर जागा करायला तिनं ताट सरकवायला घेतलं. संशोधक "नको, नको" म्हणेपर्यंत तिनं कड धरलीही होती. रोज भट्टीतली ताटं उचलणारा तो हात मध्येच थांबला.

"हे तापलंय कशानं?"

"लहरींनी."

"पेटी तर गार आहे," ती पेटीवर हात ठेवून म्हणाली. "ताट खालून गरम आहे."

तिनं कापड उचललं. खाली कंबर शेकायची विजेची पिशवी होती. तिची वायर टेबलाच्या पायाला चिकटवून खाली नेलेली.

"अहो," ती सरांकडे वळली, "धान्य उन्हात पसरलं की किडे बाहेर पडतात. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

सरांनी तीस वर्षं उष्णतेचं वहन शिकवलं होतं, तेही फळ्यावर ताटाचंच चित्र काढून. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. तेवढ्यात संशोधक मोबाइल कानाला लावून बाहेर गेला, तो गेलाच.

त्याच दुपारी निम्मी इमारत सरांच्या स्वयंपाकघरात जमली. बायकोनं कपाट पार रिकामं केलं. मैद्याच्या मागे अक्रोडांची एक पिशवी सापडली. तब्येतीसाठी म्हणून सरांनीच आणलेली आणि विसरलेली. आत कोळिष्टकासारखी जाळी, त्यात अळ्या.

"जाळी दिसली की पतंगाचं काम," ती म्हणाली. "तांदळाला भोक दिसलं की टोका. मूळ सापडेपर्यंत नुसतं चाळून उपयोग नाही." तिनं पेटी उलटी केली. तिच्या फटींत अळ्यांनी सुरेख कोष विणले होते.

किडलेलं सगळं फेकलं गेलं. चांगलं दिसणारं पीठ आठवड्यासाठी फ्रीझरमध्ये गेलं. फळ्यांच्या फटी साफ करायचं काम सरांकडे आलं. ते स्टुलावर चढले, ब्रश हातात घेतला आणि तिथूनच बोलले.

"त्यानं मला फसवलं, पण तुम्हाला मी फसवलं. किडे बाहेर पडले हे खरं होतं. ते कशानं पडले, हे मी विचारलं नाही, कारण तो माझ्या भाषेत बोलत होता. तुम्ही विचारलं नाही, कारण मी बोलत होतो. कुणीही काही करून दाखवलं, तर ताटाला हात लावून बघा. कापड उचला. विचारलं म्हणून रागावणाऱ्याकडून काही घेऊ नका."

दाराशी उभ्या असलेल्या शेजारच्या आजींनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. "पण सर, एवढं केल्यावर नक्की जातील ना?"

सरांचा हात थांबला. ठाम उत्तर देण्याची त्यांना फार जुनी सवय होती.

"माहीत नाही, आजी," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात या. उघडून बघू."