फाटक लावा, मेंढ्या चालल्या

आमच्या नारिनच्या डोंगराळ मुलखात सुनेनं दारापाशी बसून चहा ओतायचा. वाडगा अर्धाच भरायचा, म्हणजे पाहुणा पुन्हा पुढे करतो आणि सुनेला जागचं हलता येत नाही. त्या दिवशी माझ्या पोरीला, मीरिमला, लांबच्या निवासी शाळेत टाकायचं की नाही हे ठरत होतं, आणि मी आपली ओततेय चहा! डोकं नुसतं भणभणत होतं.

दामिरा एजे, म्हणजे दामिराताई, माझ्या नवऱ्याची थोरली चुलत बहीण. बिश्केकला अशा शाळांसाठी मुलं तपासायचं काम करतात. त्यांना सासूबाईंनी, आमच्या आपांनी, मुद्दाम बोलावलं होतं. एजे हो म्हणाल्या की पोरगी सोमवारी रवाना, असं आपांचं ठरलेलंच होतं. वर शेजारपाजारच्या बायका, पाय पसरून, तळलेल्या पिठाचे बोरसोक खात.

"मीरिम, तुला बाहुली हवी का?" एजेंनी विचारलं.

"तुला बाहुली हवी का?" मीरिम म्हणाली. नजर बाहुलीवरच.

"बघा. नुसता पोपट. सहा वर्षांची झाली, आणि अर्थ म्हणून काही कळत नाही."

"अहो एजे, ती हो म्हणतेय! तिचं 'हो' असंच असतं. द्या ना तिला."

"तू चहाचं बघ गं," आपा म्हणाल्या. बाहुली एजेंच्या मांडीवरच राहिली.

सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय. मीरिम सुटे शब्द जोडत नाही. अख्खं वाक्य उचलते, ज्याचं असेल त्याच्या आवाजासकट, आणि हवं तिथे वापरते. गलका वाढला की कानांवर हात दाबून ओरडते, "फाटक लावा, मेंढ्या चालल्या!" तिचे आजोबा असे ओरडायचे. मेंढ्या विकल्या, आजोबाही गेले, आणि लोक हसतात. अरे, फाटक लावा म्हणजे पुरे करा, एवढं कळायला काय लागतं? माझा नवरा ओरोझ तर म्हणतो, "आईला काय, सगळंच कळल्यासारखं वाटतं." आणि त्या दिवशी तो भिंतीला टेकून गप्प.

"तिथे ही सवय मोडतात," एजे सांगत होत्या. "दुसऱ्याचं वाक्य म्हटलं की गप्प करायचं."

"मग ती बोलणार तरी काय? मुकी करून परत देणार का?"

माझं कोण ऐकतंय! सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"फाटक लावा, मेंढ्या चालल्या!" मीरिम किंचाळली. बायका खदखदून हसल्या.

मीरिमनं सगळ्यांकडे पाहिलं. मग उठली, आजोबांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली, दोन्ही तळवे समोर उघडे धरले आणि थेट त्यांच्या खर्जात म्हणाली, "ताटात बरकत राहो, घरात शांतता राहो. ओमिन!"

आणि काय सांगू! सगळ्यांचे हात झटकन तोंडावरून फिरले. "ओमिन!" एजेंनी तर तोंडात बोरसोक असतानाच म्हटलं. ओमिन झालं की जेवण संपलं, बोलणं संपलं, पुढे बसायचं नाही. बायका गुडघे धरून अर्ध्या उठल्यासुद्धा, आणि मग एकमेकींची तोंडं बघायला लागल्या.

माझा संयमच सुटला. "का उठलात? तिनं म्हटलं, तुम्ही म्हटलं, आणि विचार न करता उठलात. आता पोपट कोण, ते सांगा!"

घर पहिल्यांदाच शांत झालं. उठताना एजेंच्या मांडीवरून बाहुली खाली पडली होती, ती मीरिमनं उचलून घेतली.

आपांचे डोळे भरले होते. "म्हाताऱ्यानं उठवलं आपल्याला," त्या पुटपुटल्या. "शाळेचा विषय पुन्हा काढू नका."

मी चहाची किटली खाली ठेवली.

"म्हाताऱ्यानं नाही, आपा. मीरिमनं."