तौनोच्या सौनाची फळी

क्लिफ्टनसाहेब कॅलिफोर्नियाहून पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आले, तेव्हा स्टेजवर चढून, हात पसरून म्हणाले, "मित्रांनो, ही गाडी तुम्ही चक्क प्लगला लावणार आहात!" आणि टाळ्यांसाठी थांबले. आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. फिनलंडच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून आमचे बाबासुद्धा गाडीची वायर अंगणातल्या खांबावरच्या प्लगला जोडायचे. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग हे लोक इतकी वर्षं काय करत होते?"

माणूस वाईट नव्हता. त्याच्या कंपनीने जन्मात एक गाडी विकलेली नव्हती, पण स्वप्नं मात्र शाही. बॅटरीवर धावणारी, बॅटरी संपली की पेट्रोलवर जाणारी, आणि आत बसायला आपलीच आपल्याला लाज वाटावी इतकी देखणी गाडी. चित्रं त्यांची, बांधणार आम्ही. पहिली गाडी शुक्रवारी जहाजावर चढली नाही, तर पैसेवाले सगळं काम दुसऱ्या देशात हलवणार होते. मग आमच्या गावात उरतं ते मासे खारवायचं शेड, आणि मला तो वास सोसत नाही.

अडलं होतं एका लाकडाच्या पट्टीवर. स्टिअरिंगसमोरची ती पट्टी म्हणे वणव्यात जळालेल्या झाडाचीच हवी. एकही झाड तोडलेलं नाही, असं जाहिरातीत छापून बसले होते. ते लाकूड कुठल्याशा बंदरात संपामुळे अडकलेलं. गुरुवारी क्लिफ्टनसाहेब त्या रिकाम्या खाचेकडे असे बघत होते, की मला त्यांची कीव आली.

"जळकं लाकूड माझ्या अंगणात आहे," मी म्हणाले.

"आग नैसर्गिक होती ना? कुणी लावली नव्हती ना?"

"लावली नाही, लागली."

हे खरंच होतं. आमच्या धुराच्या सौनाला, म्हणजे तापल्या दगडांच्या वाफेत बाकावर बसून घाम काढायच्या लाकडी खोलीला, चिमणी नसते. अशा सौना जळतातच. गेल्या वर्षी आमची जळाली. माझा नवरा तौनो त्याच सौनात जन्मला होता; तेव्हा बाळंतपणं तिथेच होत. त्या दिवसापासून तो ना राख उचलू देत होता, ना नवी बांधत होता. दर शनिवारी अंग शेकायला मला नणंदेच्या दारात जावं लागे, आणि ती दरवेळी "सावकाश होऊ दे गं" म्हणत घड्याळ बघायची. तेव्हा त्या ढिगातली एक धड फळी मी तौनोला न विचारता उचलली, यात थोडा स्वार्थही होता: ढीग एकदा हलला की नवी सौना उभी राहील. आमच्या सुतारांनी ती तासली, घासली, तेल पाजलं. काळसर, मधासारखी चकाकली. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. तौनो आमच्याच कारखान्यात तपासनीस, आणि गाडी बाहेर सोडायचा शेवटचा शिक्का त्याचा होता. दारात केसाएवढी फट दिसली तर हा माणूस गाडी परत पाठवतो.

शुक्रवारी तौनो आला, गाडीभोवती फिरला, दारं उघडून लावून बघितली. मग आत बसला आणि हीटर पूर्ण सोडला. तपासणीचा भागच तो. हळूहळू पट्टी तापली.

तौनोची मान वर झाली. नाक हललं. त्याने टोपी काढली. मग वाकून बूट काढले.

"याला बरं नाही का?" साहेब कुजबुजले.

"बोलू नका," आमचा फोरमन म्हणाला. "सौनातला माणूस बाहेर येईपर्यंत बोलायचं नसतं."

नोकरी गेली, कारखाना गेला, वर नवराही गेला, असं मला वाटलं. तेवढ्यात दार बोटभर उघडलं.

"राइली. आत ये. दार लाव, ऊब जातेय."

मी बसले. वास ओळखीचा होता: धूर, सौनात अंगावर झोडायची बर्चच्या झाडाची पानं, जुना घाम. तौनोचा तळवा फळीवर होता.

"वरच्या बाकाची?" त्याने विचारलं.

"वरचीच. खालची सगळी कोळसा झाली होती."

"आईने मला याच्यावरच ठेवलं होतं," तो म्हणाला. वर्षभरात त्याने त्या जागेचं नाव काढलं नव्हतं.

मग त्याने पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा, परत एकदा. "फट नाही," म्हणाला, आणि मांडीवर कागद ठेवून शिक्का मारला. बाहेर साहेबांनी काचेतून तो बघितला आणि फोरमनला मिठीच मारली. फोरमन बिचारा खांबासारखा उभा.

"म्हणजे तू रागावला नाहीस?" मी विचारलं.

तौनो समोर बघत होता. आवाज एकदम शांत, कारण सौनात आमच्याकडे कुणी भांडत नाही. तिथे आवाज चढवणं म्हणजे देवळात शिवी देण्यासारखं.

"इथे नाही रागावत," तो म्हणाला. "तू बाहेर तर पड."

साहेब काचेवर टकटक करून घड्याळ दाखवत होते. मी आतून दाराची कडी लावली आणि पाय पसरून बसले.