तक्त्यावरचा लाल धागा

मी तक्त्यावरचा लाल धागा बोलतोय. दोष देलचेवाबाईंचा, हे आधीच सांगून टाकतो. जीवशास्त्र कृतीतून शिकवायचं म्हणून शाळेनं त्यांना लोकर आणून दिली होती. बाईंनी तिची नातवाला टोपी विणली.

त्याआधी मी रालित्साच्या मनगटावर होतो, माझ्या पांढऱ्या जोडीदाराला पीळ घालून. तिची आई इटलीत एका म्हातारीची शुश्रूषा करायला निघाली, त्या एक मार्चला बसथांब्यावर तिनं आमची मार्तेनित्सा, म्हणजे वसंताच्या स्वागताला मनगटावर बांधायची लाल-पांढरी दोरी, मांडीवर वळली. "करकोचा दिसेपर्यंत सोडू नकोस हं. मग फुललेल्या झाडाला बांध, आणि इच्छा मागताना मला मागून घे." बाकीच्या पोरांच्या हातात चार-चार मार्तेनित्सा. रालित्साकडे आमचीच. अंघोळ करतानाही ती तो हात वर धरायची.

दोन आठवड्यांनी तपासनीस येऊन मागच्या बाकावर बसले, तेव्हा बाईंना लोकर आठवली.

"पोरांनो, आज अर्धगुणसूत्री विभाजन! मनगटावरच्या मार्तेनित्सा सोडा. लाल गुणसूत्र आईचं, पांढरं बापाचं."

"बाई, करकोचा अजून आला नाही," रालित्सा म्हणाली.

"करकोचा काय तुझा मामा लागतो? सोड."

"तिची आई त्याच्याच पाठीवर बसून यायचीय, बाई!" मागून बोयान ओरडला. पोरं खिदळली. तपासनीसही हसले. मोठ्या माणसांना अशा वेळी दुसरं काही जमत नाही.

गाठ सुटेना, तर बाईंनी दातांनी सोडली. खडूच्या वर्तुळात आम्हाला समोरासमोर ठेवलं, मग एकाला या टोकाला ओढलं, दुसऱ्याला त्या. एका पेशीच्या दोन झाल्या. आम्ही दोघंही दुहेरी धाग्याचे. दुसऱ्या विभाजनात कात्रीनं माझे दोन केले, पांढऱ्याचेही दोन. चार वर्तुळं, प्रत्येकात एकटा तुकडा. धडा बिनचूक होता.

"यांची परत जोडी कधी होते, बाई?" रालित्सानं विचारलं.

"फलनात. ते पुढच्या तासाला."

घंटा झाली. तपासनीस टाळ्या वाजवून गेले. तो पुढचा तास बाईंनी घेतलाच नाही. बघायला कोण येणार होतं?

आम्हाला डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवून व्हरांड्यात टांगलं. रालित्सा मागायला आली, तर बाई म्हणाल्या, "दुकानात ढिगानं मिळतात, गं." तिनं नखानं माझं टोक उचकटून पाहिलं. डिंक पक्का निघाला.

मग करकोचे आले. शाळेच्या धुराड्यावर चोची वाजवतात, इथवर ऐकू येतं. अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडावर पोरांनी उरलेल्या मार्तेनित्सा बांधल्या. रालित्सा खिडकीतून बघत राहिली. आठवड्यानं आईचा फोन आला: म्हातारीला सोडून यंदा येता येत नाही. मागितलं असतं तर ती आली असती का, मला माहीत नाही. रालित्साला मात्र खात्री आहे.

आता ती व्हरांड्यातून जाताना भिंतीकडे पाहत नाही. कुणी हा तक्ता फाडणार असेल, तर खुशाल फाडा. माझा पांढरा खालच्या वर्तुळात आहे, वीतभर अंतरावर. त्या एका तासात माझी जोडी गेली, आणि रालित्साही दुरावली.