उतरताना उजवीकडे

नगरपालिकेच्या माणसानं कागद बेकरीच्या भिंतीवर चिकटवला. तो खळीचे हात पुसतोय तोवर चार डोकी गोळाही झाली.

"येत्या गुरुवारी संध्याकाळी, वरच्या शाळेच्या हॉलमध्ये, आपल्या प्रभागाची बैठक," बेकरीवाला वाचू लागला. पाव विकायचा आवाजच त्यानं वाचायला लावला होता. "विषय पहिला, कचऱ्याच्या गाडीची वेळ. म्हणजे जी गाडी येतच नाही, तिची वेळ बदलणार! विषय दुसरा, कोपऱ्यावर लावलेल्या गाड्या. तिसरा, रस्त्यावरचे दिवे..." असं करत तो सहाव्या विषयावर आला आणि त्याचा आवाज उतरला. "खालची आळी ते वरचा रस्ता, दगडी पायऱ्यांना रेलिंग बसवणे. अर्जदारानं हजर राहावं, नाहीतर विषय रद्द. घ्या! बैल गेला नि..."

त्यानं जीभ चावली. अर्जदार त्याच्या मागेच उभी होती, हातात पावाची पिशवी घेऊन.

ती घड्याळवाल्यांची बायको. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिला धाकटी म्हणत, म्हणून आळीही धाकटीच म्हणायची. केस पांढरे झाले तरी धाकटीच. घड्याळवाले जाऊन अजून वर्षही उलटलं नव्हतं.

"वाचा ना," ती हळूच म्हणाली. "पुढं काय लिहिलंय?"

"एवढंच आहे, वहिनी."

"बाजू नाही लिहिलेली?"

"कसली बाजू?"

ती पिशवी सांभाळत घराकडे वळली.

घड्याळवाल्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, दुकान आता बंदच होणार. पण माणूस चिवट. लाकडाच्या खाचेत घड्याळ अडकवून एका उजव्या हातानं उघडायला ते शिकले. अडचण होती ती पायऱ्यांची. घर खालच्या आळीत, दुकान वरच्या रस्त्यावर, आणि मध्ये या झिजलेल्या दगडी पायऱ्या. सकाळी कसंबसं चढून व्हायचं. उतरायची मात्र त्यांना धास्ती वाटायची. "चढताना पडलो तर गुडघे फुटतील," ते म्हणायचे, "पण उतरताना पडलो, तर खाली पोचायच्या आत वर पोचेन."

उतरताना उजव्या हाताला बेकरीची भिंत यायची. नुसती गुळगुळीत, धरायला काही नाही. डाव्या हाताला उघडं गटार. मग धाकटी रोज संध्याकाळी वर जाई, त्यांच्यापुढे एक पायरी उतरून उभी राही, आणि ते आपला उजवा हात तिच्या उजव्या खांद्यावर टाकत. प्रत्येक पायरीला ती देवाचं एक नाव घ्यायची. तो तिचा नेमच झाला होता. "अगं, रोज एवढं उतरवतेस," ते चिडवायचे, "देवाचेही गुडघे दुखत असतील."

रेलिंगचा अर्ज तिनंच केला. तो घेऊन निघाली तेव्हा ते मागून ओरडले होते, "उतरताना उजवीकडे, एवढं नीट सांग! नगरपालिकेची माणसं कधी खाली उतरतच नाहीत, त्यांना कसं कळणार?"

त्यानंतर दोन पावसाळे गेले. मग छातीत कफ भरला, दवाखाना झाला, आणि तिथं खाटेवर पडल्या पडल्या ते विचारू लागले, "आलं का गं आपलं रेलिंग?"

"येतंय."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच."

जन्मात कुणाशी खोटं न बोललेली बाई ती. रोज सकाळी हात जोडताना तेवढं एक खोटं देवाच्या पायाशी ठेवायची आणि म्हणायची, हे तेवढं खरं करून घे. ते गेल्यावरही तिनं हे मागणं सोडलं नव्हतं. माणूस परत दे, असं मागायचं नसतं हे तिला कळत होतं. पण दिलेला शब्द खरा कर, एवढं तर मागता येतं.

गुरुवारी ती निघायच्या बेतात असताना माडीवरून थोरली जाऊ खाली आली. थोरल्या दिरांच्या माघारी ती वर एकटीच राहायची, स्वयंपाक वेगळा, जीभ धारेची. अंगावर नेहमीची जाड शाल, दोन्ही हात आत.

"जाणार तू?"

"जाते, जाऊबाई."

"वरातीमागून घोडं."

"असू दे. घोडं तरी येऊ दे."

थोरलीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "मग मीही येते. तुझा आवाज तुझ्याच कानापर्यंत पोचत नाही, सभेत कुणाला ऐकू जाणार?"

धाकटी पुढं, थोरली मागं, अशा दोघी पायऱ्या चढल्या. थोरली बेकरीच्या भिंतीवर डावा तळवा टेकत, दर चार पायऱ्यांनी थांबून नगरपालिकेच्या सात पिढ्या उद्धरत होती. धाकटी मनात एकच वाक्य घोळवत होती, उतरताना उजवीकडे.

हॉलमध्ये लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. कचऱ्याच्या गाडीनं अर्धी बैठक खाल्ली. दिवे लवकर आटपले. मग टेबलामागची नगरसेविका म्हणाली, "विषय सहा. पायऱ्यांचं रेलिंग. मंजुरी आहे, पण एकाच बाजूला. कुठल्या बाजूला हवं ते आज ठरवून टाकू."

"गटाराच्या बाजूला," मागून कुणीतरी म्हणालं. "पोरं पडतात."

"बरोबर," बेकरीवाला म्हणाला. "भिंतीकडे निदान भिंत तरी आहे. आणि माझ्या भिंतीत भोकं पाडली तर ओल थेट पिठात येईल."

बऱ्याच माना हलल्या. नगरसेविकेच्या शेजारी बसलेल्या इंजिनिअरनं लिहायला पेन उचललं.

धाकटी उभी राहिली. "उतरताना उजवीकडे हवं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की तो ऐकायलाच हॉल गप्प झाला.

"भिंतीकडे? का हो बाई?"

"यांचा डावा हात चालत नाही ना."

आळीतल्या माणसांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. नगरसेविका नवीन होती, तिला काय ठाऊक! तिनं मायेनंच विचारलं, "मग त्यांनाही आणायचं होतं बरोबर. आले नाहीत का?"

आपण काय बोलून बसलो ते धाकटीला आत्ता कळत होतं.

"ते पुढं गेलेत," शेजारून थोरली उठत म्हणाली. "आम्ही दोघी मागं आहोत ना? दोन वर्षं हेलपाटे हिनं घातले, तेव्हा बाजू ही सांगेल ती. उतरताना उजवीकडे. लिहा."

इंजिनिअर घुटमळला. "आजी, तुम्हीही त्याच पायऱ्यांवरून जाता-येता. तुम्हाला चालेल?"

"मला काय विचारता? मी उडत उतरते."

हशा पिकला, ताण सैल झाला. बेकरीवाल्यानंही हात वर केला. "वहिनी म्हणतात तर माझ्या भिंतीत पाडा भोकं." विषय सहा मंजूर.

बाहेर पडल्या तेव्हा उजेड अजून पुरता गेला नव्हता. धाकटीला कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. खोटं खरं झालं होतं. ऐकलंत ना, ती मनात म्हणाली, उजवीकडेच. आणि सवयीनं एकेका पायरीला एकेक नाव घेत उतरू लागली.

निम्म्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, मागं पावलं वाजत नाहीत.

तिनं वळून पाहिलं. थोरली अजून वरच होती. पाठ भिंतीला लावून, आडवी होऊन, एक पाय खाली सोडून ती पायरी चाचपत होती. शाल घसरली होती. उजवा हात भिंतीला टेकला होता, पण मनगट वळत नव्हतं, बोटं वाळक्या मुळीसारखी आखडलेली. आणि धडधाकट डावा हात गटाराच्या बाजूला हवेत काहीतरी धरायला शोधत होता. तिथं धरायला काहीच नव्हतं.

धाकटी धावत वर गेली. "जाऊबाई! हा हात..."

"ओरडू नको. आळी गोळा होईल."

"कधी झालं हे?"

"भावजी दवाखान्यात होते तेव्हा. तुला डबा देऊन परत येत होते, इथंच पाय सटकला." थोरलीनं शाल ओढून घेतली. "नशीब, डबा रिकामा होता. भरलेला असता तर जास्त जिवाला लागलं असतं."

धाकटीला ते दिवस आठवले. शेवटी शेवटी थोरली डबा डाव्या हातानं पुढं करायची, आणि हिला वाटायचं, कंटाळली बिचारी, रोजच्या खेपांना. डबा घेतला, जेवली, धुऊन परत दिला. हाताकडे एकदाही पाहिलं नाही.

"मघाशी बोलला का नाहीत? गटाराकडे हवं म्हणून सगळेच म्हणत होते!" ती वळली. "मी परत जाते. अजून लोक उठले नसतील. मी सांगते, चुकलं माझं."

"जाऊ नकोस." थोरलीचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "तू औषधं आणायला जायचीस तेव्हा ते मलाही विचारायचे. वहिनी, आलं का रेलिंग? मी म्हणायचे, आलं की. उजवीकडे का? मी म्हणायचे, मग काय डावीकडे?" तिनं नाक ओढलं. "तू आपली 'येतंय' म्हणायचीस. मी तर बसवूनच टाकलं होतं. आता मला खोटं पाडू नकोस."

धाकटी तिथंच उभी राहिली. वर शाळेच्या हॉलमधला एकेक दिवा विझत होता. तिनं शेवटचा विझेपर्यंत पाहिलं. मग ती थोरलीच्या पुढं एक पायरी उतरली आणि पाठ करून उभी राहिली.

"ठेवा हात."

डाव्या खांद्यावर हात आला. थोरली दिसायला किडकिडीत, पण हाताला ओझं होतं.

"आणि ते देवाचं नाव जरा मोठ्यानं घे," मागून थोरली म्हणाली. "मलाही ऐकू येऊ दे."

धाकटीनं पहिलं नाव घेतलं. आवाज मध्येच चिरकला, तिनं तेच नाव पुन्हा घेतलं. पायरी पायरीनं दोघी उतरत राहिल्या. खाली पोचेपर्यंत डावा खांदा चांगलाच अवघडला. उजवा हलकाच राहिला.