घशात काहीच नाही

सुकेशनीच्या घशात काहीतरी अडकलं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, तिथं काहीच नाही.

ती पाथरीच्या शाळेत मराठी शिकवायची. धडा वाचता वाचता मधेच थांबायची, आवंढा गिळायची आणि पुन्हा सुरू करायची. बोराची बी अडकावी तसं वाटायचं. भाकरी मात्र बिनतक्रार उतरायची, पाणीही. रिकामा आवंढा गिळला की बी पुन्हा जागच्या जागी. परभणीच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि पडद्यावर तिलाही दाखवलं. स्वच्छ, गुलाबी घसा. "काही नाही बाई. टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत ती त्याचाच विचार करत राहिली. कसलं टेन्शन? नवरा धम्मानंद पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, शांत माणूस. एकुलती एक मुलगी, अपेक्षा, चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. घरात भांडण नाही, तंटा नाही. मग हे काय होतं?

अपेक्षाचं शिक्षण आपल्याकडच्यासारखंच होतं, पण तिकडच्या जुन्या वैद्यकाचाही एक विषय त्यांना असायचा. तो शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना तिनं आईची तक्रार सांगितली आणि एका रविवारी थेट व्हिडिओ कॉलच लावला. बाईंनी आधी जीभ दाखवायला सांगितली. आपल्याच ओसरीत बसून परदेशातल्या बाईला जीभ दाखवताना सुकेशनीला कसंतरीच झालं. मग अपेक्षा एकेक प्रश्न मराठीत सांगू लागली. छाती भरून येते का? उसासे येतात का?

"आणि आई, बाई विचारायलेत, एखादी गोष्ट बोलायची राहून जाती का तुझी?"

"मी शिक्षिका हाय. दिवसभर बोलतच असते की," सुकेशनी म्हणाली. अपेक्षानं ते तिकडं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. नाडी हातात घेता आली नाही, म्हणजे निम्मी तपासणी राहिली, एवढंच त्या म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अपेक्षा आली ती भुकटीच्या पुड्या घेऊन. पुड्यांवर सगळी चिनी अक्षरं.

"बान्श्या होऊफो थांग," तिनं वाचून दाखवलं. "थांग म्हणजे काढा. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याचा हाय. या दुखण्याला ते लोक आलुबुखाराच्या बीचा आजार म्हणतात."

"मी तर बोराची बी म्हणले होते," सुकेशनी चक्रावून म्हणाली. तिच्या घशातलं तिकडच्या लोकांना इतक्या आधीपासून कसं माहीत?

काढ्यात पाच गोष्टी होत्या. एक कंद, जो कच्चा विषारी असतो म्हणून आधी शुद्ध करून घेतात. एका झाडाची साल. झाडाच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी. तुळशीच्या कुळातली कसली तरी पानं. आणि आलं. सुकेशनीच्या ओळखीचं त्यात एकटं आलंच निघालं.

"हे कफ खाली उतरवतं आन् अडकलेला वारा मोकळा करतं," अपेक्षा म्हणाली.

"वारा म्हंजे गॅस का?" धम्मानंदनं विचारलं.

"न्हाई पप्पा. म्हंजे... अगदी तसं न्हाई. मलाबी नीट सांगता येईना."

धम्मानंदला सकाळी मळमळायचं आणि कफाचा खोकला यायचा. अपेक्षानं त्याचीही जीभ पाहिली, बाईंना फोन करून विचारलं, आणि त्यालाही त्याच पुड्या दिल्या. सुकेशनीचा घसा, त्याचं पोट, आणि औषध एकच! धम्मानंदला मोठी गंमत वाटली. "युनानी दवाखान्यातला हकीमबी असंच करायचा," तो म्हणाला. "एका बरणीतून सगळ्या गल्लीला दवा."

"तसं न्हाई पप्पा," अपेक्षा म्हणाली, पण तो ऐकत नव्हता.

दोन घरं पलीकडं उत्तरा राहायची, एकटीच. ती त्याच शाळेत गणित शिकवायची. दोघींची मैत्री जुनी, डबाही एकच. अपेक्षा आल्याचं कळताच ती भेटायला आली आणि पुड्या पाहून म्हणाली, "अगं, माझ्याही घशात अगदी अस्संच होतं. काहीतरी अडकल्यासारखं. मलाही दे की."

अपेक्षानं तिलाही जीभ दाखवायला सांगितलं. जीभ लालभडक आणि कोरडी होती. चहाचा कप धरलेली बोटं थरथरत होती, आणि पंख्याखाली बसूनही कपाळावर घाम होता.

"मावशी, हे तुमच्यासाठी न्हाई. हे औषध गरम आन् कोरडं असतं. तुमी आधी रक्त तपासून घ्या."

"आईला चालतं आणि मला नाही? तक्रार तर एकच आहे."

"तक्रार एक हाय मावशी, आजार एक न्हाई."

उत्तरानं कप खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाली आणि थोड्या वेळानं उठून गेली. सुकेशनीला फार लाजल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत दोघींमध्ये आपलं-परकं कधी आलं नव्हतं. मुलीचं खरं मानावं की मैत्रिणीची समजूत काढावी? दोन माणसांच्या दोन आजारांना एक औषध, आणि दोघींच्या एकाच तक्रारीला नाही, हे गणित खुद्द उत्तराला सुटलं नसतं. सुकेशनीनं कप उचलले आणि आत नेऊन विसळले.

त्यानंतर उत्तरा आली नाही. इकडं सुकेशनी आणि धम्मानंद रोज काढा घेत राहिले. शेवटी एका दुपारी सुकेशनी कैऱ्या घेऊन तिच्याकडं गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. उत्तरा पलंगावर पडली होती. ओठ सुकलेले, आणि गळ्यापाशी शीर उडताना दिसत होती.

"घसा जळतोय गं," ती म्हणाली. "छातीत नुसतं धडधडतंय."

उशाशी स्टुलावर फाडलेली पुडी होती. तीच चिनी अक्षरं.

"हे कुणी दिलं?"

"धम्मानंदभाऊंनी. मी मागितलं, त्यांनी दिलं. रागावू नकोस त्यांना."

सुकेशनीनं अपेक्षाला हाक मारली. दोघींनी जीपवाल्याला बोलावून उत्तराला परभणीला नेलं. डॉक्टरांनी उत्तराच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि तिला पाणी गिळायला सांगितलं. बोटांखाली गाठ वर-खाली झाली. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, थायरॉईड भलतंच वाढलं होतं.

"आणखी दुर्लक्ष झालं असतं तर हृदयावर गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. अपेक्षानं पुडी पुढं करून आतल्या पाचही गोष्टी सांगितल्या. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "यानं वाढलं की आपोआप, मी सांगू शकत नाही. पण हे बंद करा."

म्हणजे उत्तराच्या घशात खरंच काहीतरी होतं. आणि आपल्या? सुकेशनीचा हात आपसूक गळ्याशी गेला.

उत्तराला तिच्या घरी निजवून मायलेकी आपल्या घरी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता. धम्मानंद दारातच उभा होता. "कशा हायेत ताई? मला वाटलं, दुखणं एकच, तर द्यावी एखादी पुडी. त्यात काय..."

"मला विचारलं का?" सुकेशनी म्हणाली.

आवाज इतका मोठा होता की ती स्वतःच दचकली. पण थांबता आलं नाही.

"माझ्या दवापाण्यातून देताना मला विचारलं का? चारठाण्याला मुख्याध्यापिका म्हणून जायची पाळी आली, तवा 'आमची मंडळी न्हाई जाणार' म्हणून तुमीच सांगून आलात. पोरीला एवढ्या लांब धाडताना 'तिच्या आईची काय हरकत न्हाई' म्हणलात. मी कुठं म्हणले होते तसं?"

अपेक्षा पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. धम्मानंद ओसरीच्या कट्ट्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न उमजणं होतं.

"पर तू कधी बोललीच न्हाईस," तो हळू म्हणाला.

"मी बोलले न्हाई, हेच मला ठाऊक न्हवतं," सुकेशनी म्हणाली आणि रडू लागली. आपण का रडतोय तेही तिला धड कळेना. उत्तरासाठी, चारठाण्यासाठी, की इतक्या शांत माणसावर ओरडल्याबद्दल?

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरून झाल्यावर तिनं सहज आवंढा गिळला. काही लागलं नाही. पुन्हा गिळला. तिसऱ्यांदा किंचित काहीतरी लागल्यासारखं वाटलं, पण ते खरं होतं की आठवण, हे तिला सांगता येईना.

"अपेक्षा, हे औषधानं झालं का कालच्या भांडणानं?"

अपेक्षानं बराच विचार केला. "आमच्या बाई म्हणतील, दोन्ही एकच हाय, अडकलेलं सुटलं. डॉक्टर म्हणतील, पुरावा न्हाई. मला खरंच माहीत न्हाई, आई. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं."

"मार्क किती पडले?"

"चांगले पडले," अपेक्षा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

अपेक्षा परत गेली. उत्तराच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू बोटांची थरथर कमी झाली. ती अजून धम्मानंदची बाजू घेते आणि सुकेशनी अजून तिच्यावर चिडते. धम्मानंद आता प्रत्येक गोष्ट विचारतो. भाजी कुठली आणू, पंखा लावू का, दार उघडं ठेवू का. कधी कधी त्या विचारण्याचाच तिला वैताग येतो. मग ती तसं सांगते, आणि तो आणखी गोंधळतो.

शाळा उघडायच्या आधी सुकेशनी एकटीच परभणीच्या शिक्षण कार्यालयात गेली. मुख्याध्यापिकेची जागा पुन्हा कुठं निघणार आहे का, तिनं विचारलं. कारकुनानं मान वर करून पाहिलं.

"लांबचं गाव मिळालं तर चालंल का बाई? घरी विचारलंत?"

"घरी मीबी असते की. मला विचारलंय," ती म्हणाली. "माझं नाव असू द्या."

बाहेर येऊन ती बसस्टँडकडं चालू लागली. लांबचं गाव मिळालं तर आपल्याला आवडेल का, सकाळी लवकर उठवेल का, की नाव दिल्याचा उद्याच पस्तावा होईल, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. समोरून पाथरीची गाडी येत होती. तिनं हात केला.